शिफारशीला दात असावेत का?

वऱ्हाडात करारांची काही कमी नाही. ८ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या बरोबर एक आठवडा आधी, आपल्या अकोल्यात एक करार झाला. शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख अशी मोठमोठी मंडळी त्यात होती. संयुक्त महाराष्ट्र होईल, पण त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असतील, दोघांची विधिमंडळं वेगळी असतील, असं ठरलं. मग २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. त्यात उपप्रांत गेले, आणि निधीत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, नोकऱ्यांत वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात अशी कलमं आली.

यातलं आज काय शिल्लक आहे? हिवाळी अधिवेशन, हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ आणि राज्यघटनेतलं कलम ३७१(२). त्या कलमाखाली वैधानिक विकास मंडळं यायला १९९४ उजाडलं, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. मधल्या काळात समित्या बसल्या, आकडे निघाले. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटींचा सांगितला. निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून तो १४,००६ कोटींवर नेला. पैशाचा अनुशेष पुढे कागदावर भरून निघाला. सिंचनाचा भौतिक अनुशेष मात्र शेवटपर्यंत मागे राहिला तो अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांत. म्हणजे आपल्याच घरी.

ही सगळी उजळणी विदर्भवादासाठी नाही. (तो विषय पुन्हा कधीतरी, तब्येतीने.) मुद्दा वेगळा आहे. करार होतो, त्यावर लक्ष ठेवायला एक मंडळ नेमलं जातं, मंडळ इमानेइतबारे अहवाल लिहितं, सरकार तो अहवाल "विचाराधीन" ठेवतं... हे चक्र कसं चालतं ते आपण वऱ्हाडी लोक जितकं जवळून ओळखतो तितकं क्वचितच कोणी ओळखत असेल. म्हणून आजचा प्रश्न आपल्यालाच जास्त कळायला हवा: सरकारने दुबळ्या माणसांना दिलेला शब्द पाळला की नाही हे तपासणाऱ्या संस्थेला नुसता सल्ला देण्याचा अधिकार असावा, की तिचा निकाल सरकारवर बंधनकारक असावा?

आमच्या धंद्यात याला सोपे शब्द आहेत. कंपायलर दोन प्रकारे बोलतो, वॉर्निंग आणि एरर. एरर आली की बिल्ड थांबतो, मग मॅनेजर कितीही ओरडू दे. वॉर्निंग आली तर बिल्ड होतो, सॉफ्टवेअर बाहेर जातं आणि वॉर्निंगा साठत जातात. चारशे वॉर्निंगा असलेला प्रोजेक्ट बघितलेला कोणीही सांगेल की त्या कोणीच वाचत नाही. टीममधली माणसं वाईट असतात असं नाही. डेडलाईन असते, आणि जे थांबवत नाही ते मागे पडतं, इतकंच.

आता अमरावती जिल्ह्याच्या नकाशावर वरच्या बाजूला बघा. सातपुड्याच्या रांगा, चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके. मेळघाट. आपल्यातल्या बहुतेकांसाठी मेळघाट म्हणजे पावसाळ्यातली चिखलदऱ्याची ट्रिप, कॉफी आणि पेपरात येणारं कुपोषण. तिथे राहतात कोरकू. त्यांची भाषा मराठीचीही बहीण नाही आणि हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडातल्या संथाळीच्या नात्यातली. एवढ्या लांब पश्चिमेला हे कूळ कसं टिकून राहिलं हेच एक आश्चर्य आहे.

गंमत बघा, या प्रदेशाबद्दल करार खूप झाले. १८५३ मध्ये निजामाने करार करून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६० मध्ये त्या करारात फेरफार झाला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये खंडावर वऱ्हाड कायमचं भाड्याने घेतलं. त्याच्या बरंच आधी, १८६० च्या दशकातच, मेळघाटचं जंगल राखीव करायला सुरुवात झाली होती. या कोणत्याही कागदावर कोरकूंची सही नाही, अंगठाही नाही. त्यांच्या पायाखालची जमीन दोन परक्या दरबारांत हस्तांतरित झाली आणि एक दिवस ते आपल्याच जंगलात "अतिक्रमणदार" झाले.

स्वतंत्र भारताने त्यांना जे लिहून दिलं ते करार या नावाने दिलं नाही, पण त्याचा अर्थ तोच आहे. घटनेची पाचवी अनुसूची आली. धारणी आणि चिखलदरा अनुसूचित क्षेत्रात आले. १९९६ चा पेसा कायदा आला. आणि २००६ चा वनहक्क कायदा आला, ज्याच्या प्रस्तावनेतच सरकारने कबूल केलंय की वनवासी लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. सरकार असं सहसा लिहून देत नाही. म्हणूनच त्या वाक्याची किंमत काय, हे विचारायला हवं.

मेळघाट १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांत आलं. वाघाला निवांत जागा हवी म्हणून गाभ्यातली गावं बाहेर काढायची, हे धोरण हळूहळू पक्कं झालं. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कोहा, कुंड, बोरी ही गावं खाली अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात आणली गेली. मग अमोना, नागरतास, बारुखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी... यादी वाढत गेली. २००८ पासून पॅकेज होतं कुटुंबाला १० लाख, २०२१ मध्ये ते १५ लाख झालं.

कायद्याच्या पुस्तकात हे सगळं फार सुंदर लिहिलंय. वन्यजीव कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाली. पुनर्वसन स्वेच्छेने आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या अटींवरच करायचं. आधी वनहक्क नोंदवून पूर्ण करायचे. माणूस आणि वाघ एकत्र राहूच शकत नाहीत हे दाखवायचं. ग्रामसभेची माहितीपूर्वक संमती घ्यायची. वनहक्क कायदा तर म्हणतो की नव्या जागी जमीन आणि सोयी तयार झाल्याशिवाय कोणाला हलवायचंच नाही. एखाद्या चांगल्या आर्किटेक्टने लिहिलेलं स्पेसिफिकेशनच जणू.

आणि जानेवारी २०१९ मध्ये काय झालं? अकोट तालुक्यात आणलेल्या गावांतली शेकडो माणसं सामान घेऊन पुन्हा डोंगर चढून आपल्या जुन्या गावांच्या जागी गेली. वचन दिल्याप्रमाणे जमीन मिळाली नाही, सोयी मिळाल्या नाहीत, हे त्यांचं म्हणणं. त्यांना बाहेर काढायला वनखातं आणि पोलीस गेले, संघर्ष झाला, दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. वनरक्षकही शेवटी गरीबाघरची पोरं, आणि कोरकूही. ज्यांनी संमतीच्या कागदावर "स्वेच्छेने" असं लिहून घेतलं त्यांच्यापैकी कोणाला खरचटलंही नाही.

मी इथे कोण खरं, कोण खोटं हे ठरवत नाहीये. मला एवढंच विचारायचंय की ते ठरवायचं कुणी? ग्रामसभा खरंच झाली होती का? निम्मे लोक हजर होते का, आणि हजर लोकांत एक तृतीयांश बाया होत्या का? (नियम तसा आहे.) हक्कांची नोंद आधी पूर्ण झाली होती का? दहा लाखांपैकी हातात किती आले, जमिनीत किती गेले? हे काही तत्त्वज्ञानाचे प्रश्न नाहीत. तपासून हो किंवा नाही म्हणता येतील असे प्रश्न आहेत. पण त्यांची उत्तरं शोधून "थांबा" म्हणणारी स्वतंत्र संस्था कुठे आहे?

आहे त्या संस्था एकेक करून बघू.

पहिली, राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग. कलम ३३८अ, २००४ पासून वेगळा आयोग. साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला आहेत, पण आयोगाला मनाई हुकूम देता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच (तेव्हाच्या संयुक्त आयोगाबाबत) सांगून टाकलं. आयोग शिफारस करतो, ती संसदेपुढे ठेवली जाते, सोबत सरकारचं "काय केलं" हे टिपण. २०२२ मध्ये केंद्राने नवे वन संवर्धन नियम आणले. जंगल प्रकल्पाला देण्याच्या अंतिम मंजुरीआधी वनहक्क आणि ग्रामसभेची संमती तपासायची अट त्यात सैल झाली. आयोगाचे अध्यक्ष हर्ष चौहान यांनी लेखी हरकत घेतली, नियम थांबवा म्हणाले. मंत्रालयाने सांगितलं, नियम योग्य आहेत. विषय संपला! जून २०२३ मध्ये चौहान यांनी राजीनामा दिला. घटनात्मक आयोगाची ही गत, तर बाकीच्यांचं काय बोलायचं?

दुसरी, जिल्हास्तरीय वनहक्क समिती. हिचा निर्णय मात्र कायद्याने अंतिम आणि बंधनकारक आहे. म्हणजे बंधनकारक अधिकाराचं आपल्याला वावडं नाही बरं का. पण समितीत आहे कोण? अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत वनखात्याचा अधिकारी, आदिवासी विभागाचा अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे तीन सदस्य. ज्या खात्याला जंगल हवंय तेच खातं जंगलावरचा हक्क ठरवायला बसलंय. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरून या निर्णयावर विभागीय समितीकडे अपिलाची सोय केली, हे चांगलंच झालं. पण तिथेही अध्यक्ष विभागीय आयुक्त. म्हणजे अपील वरच्या मजल्यावर गेलं, इमारत तीच.

तिसरी, राष्ट्रीय हरित लवाद, २०१० चा. याचा आदेश बंधनकारक असतो, त्यावर अपील सुप्रीम कोर्टात. पण लवादाच्या अनुसूचीत सात कायदे आहेत: पाणी, पाणी उपकर, वन संवर्धन, हवा, पर्यावरण, सार्वजनिक दायित्व विमा, जैवविविधता. वनहक्क कायदा त्यात नाही. म्हणजे बेकायदा झाड तोडलं तर लवादाकडे जाता येतं. ग्रामसभेचा खोटा ठराव जोडून अख्खं गाव हलवलं तर जाता येत नाही.

राहिलं हायकोर्ट. ते आहेच, आणि त्याने मेळघाटसाठी अनेकदा सरकारचे कान धरलेत. पण रिट याचिकेत कोर्ट कागद बघतं. गावात जाऊन कोरकूत प्रश्न विचारत नाही. आणि निकाल लागेपर्यंत घरं पाडून झालेली असतात. वरातीमागून घोडं.

आता जरा लांब, न्यूझीलंडला जाऊ. तिथे ६ फेब्रुवारी १८४० ला इंग्रजांनी माओरी सरदारांशी वायटांगीचा तह केला, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं तो सोयीस्करपणे विसरले. १९७५ मध्ये वायटांगी लवाद स्थापन झाला. तहाचा भंग झाला का ते तपासायचं आणि सरकारला शिफारस करायची. १९८५ मध्ये त्याला थेट १८४० पर्यंत मागे जाऊन चौकशी करायचा अधिकार मिळाला. पण शिफारसच, बंधन नाही.

मग १९८० च्या दशकात तिथल्या सरकारने आपल्या जमिनी आणि जंगलं सरकारी कंपन्यांच्या नावावर करायला घेतली. माओरी कोर्टात गेले. एकदा जमीन विकली गेली तर लवाद शिफारस करून करणार काय, हा त्यांचा रास्त सवाल होता. १९८७ मध्ये अपील कोर्टाने त्यांची बाजू उचलून धरली. त्यातून १९८८ आणि १९८९ चे कायदे निघाले: सरकारी कंपन्यांकडे गेलेल्या जमिनी आणि सरकारी लागवडीखालची जंगलं, अशा मोजक्या बाबतींत लवादाचा आदेश सरकारवर बंधनकारक. तोही लगेच लागू होत नाही. आधी अंतरिम आदेश, मग दोन्ही बाजूंना तडजोडीसाठी ९० दिवस. तडजोड झाली नाही तर आदेश कायम.

हा अधिकार किती वेळा वापरला गेला? जवळजवळ नाहीच. १९९८ मध्ये तुरांगी नावाच्या गावाच्या प्रकरणात लवादाने असा अंतरिम आदेश दिला, आणि त्यातून तडजोड झाली. मग उपयोग काय, असं कोणी म्हणेल. उपयोग हाच! समोरच्याच्या हातात काठी आहे हे माहीत असलं की सरकार वेळेवर बैठकीला येतं. काठी न वापरता काम झालं तर उत्तमच.

जिथे काठी नाही तिथे काय होतं तेही तिथेच दिसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये माओरी आरोग्य प्राधिकरण बंद करायचा प्रश्न लवादापुढे सुनावणीला येणार होता. सरकारने सुनावणीच्या आधीच तातडीने विधेयक मांडलं. विधेयक संसदेत आलं की लवादाचा अधिकार संपतो. खेळ खल्लास. लोकशाही परिपक्व असली, लोक सुसंस्कृत असले, तरी वॉर्निंग ती वॉर्निंगच.

आता आक्षेप. हा विषय काढला की चार प्रश्न हमखास येतात.

पहिला: निवडून आलेल्या सरकारवर न निवडलेल्या लवादाने हुकूम चालवायचा, ही कुठली लोकशाही? प्रश्न वजनदार आहे. पण आपण हे आधीच मान्य केलंय. १९५६ च्या कायद्याखाली आंतरराज्य पाणी लवाद बसतो, त्याच्या निवाड्याला सुप्रीम कोर्टाच्या हुकुमाचं बळ असतं. कृष्णेच्या पाण्यावर बच्छावत लवादाचा निवाडा १९७६ मध्ये अमलात आला, महाराष्ट्राला आवडो न आवडो. तेव्हा कोणी म्हटलं नाही की मुंबईच्या विधानसभेचा अपमान झाला. म्हणजे समोर दुसरं राज्य असेल तर बंधनकारक लवाद चालतो. समोर केलपाणीचा माणूस असेल तेव्हाच लोकशाही धोक्यात येते? शिवाय लवाद नवीन कायदा करणार नाही. संसदेने स्वतः केलेला कायदा सरकारी खात्याने पाळला का, एवढंच तो बघणार. संसदेला कायदा बदलायचा तर उघडपणे बदलावा, मत मागताना सांगावा.

दुसरा: वाघाचं काय? वाघ हवाच. पण जरा अकोला-खंडवा रेल्वे आठवा. मीटरगेज गाडी मेळघाटातून जायची. ब्रॉडगेज करायची वेळ आली तेव्हा वाघासाठी मार्ग जंगलाबाहेरून वळवावा अशी भूमिका घेतली गेली, राज्य सरकारनेही ती उचलली, आणि रेल्वेला बाहेरच्या मार्गाकडे वळावं लागलं. मला हे योग्यच वाटतं. पण ते का जमलं ते बघा. व्याघ्र प्रकल्पातून काही न्यायचं तर वन्यजीव मंडळाची मंजुरी लागते, व्याघ्र प्राधिकरणाचा सल्ला लागतो, सुप्रीम कोर्टाची समिती बघते. म्हणजे वाघाच्या दारात फाटक आहे आणि फाटकावर माणूस आहे. कोरकूच्या दारात फाटकाचं चित्र आहे.

तिसरा: ग्रामसभा तरी धुतल्या तांदळाच्या असतात का? नसतात. दारू चालते, पैसा चालतो, पुढारी बोलतो आणि बाया मागे बसतात. मान्य. पण म्हणूनच तर लवाद हवा! संमती खरी की विकत घेतलेली हे तपासायचं काम ग्रामसभा स्वतः करू शकत नाही, आणि संमती मागणारं खातंही करू शकत नाही. नीट पद्धतीने विचारलं तर लोक काय उत्तर देतात हे नियमगिरीने दाखवलंय. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ओडिशातल्या त्या डोंगरावरच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला. जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली बारा गावांत सभा झाल्या. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं, आणि जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने मंजुरी नाकारली. विचारलं, उत्तर मिळालं, ते पाळलं गेलं. देश बुडाला नाही.

चौथा, आपल्या वर्गाचा लाडका: "त्या लोकांना तिथेच जंगलात ठेवायचंय का कायम? त्यांना शाळा, दवाखाना, मोबाईल नको?" हवाय ना. म्हणून तर अनेक कुटुंबं खुशीने उतरायला तयार झाली, आणि त्यांचा तो निर्णय शंभर टक्के त्यांचा आहे. बंधनकारक लवाद सगळ्यात जास्त त्यांच्याच कामाचा. जो जायचं म्हणतो त्याला दिलेल्या वचनाची हमी लागते. शिवाय एक बारीक गोष्ट आहे, ती फारशी कोणी बोलत नाही. चिखलदरा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, अकोला जिल्ह्यातला एकही तालुका नाही. म्हणजे चिखलदऱ्याच्या डोंगरातून अकोटला उतरलेल्या कुटुंबाची जमीन बदलते, त्याबरोबर पेसाचं छत्रही जातं. घाट उतरला की पाचवी अनुसूची संपली. हे त्या माणसाला सही करण्याआधी त्याच्या भाषेत कोणी सांगितलं होतं का? लवादाने विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा.

आणि जंगलात राहणारा माणूस म्हणजे जंगलाचा शत्रू, हेही आता चालणार नाही. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड माळ गावाने राखला, झाडं लावली, सीताफळं नाव देऊन बाजारात नेली, आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला होता. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा, म्हणजे हक्क कागदावर. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. त्या दिवशी हक्क खरा झाला. साध्या पावतीपुस्तकाने दीड-दोन वर्षं अडलेलं काम झालं, कारण आता सही गावाची होती.

मग मला नेमकं काय हवंय? उगाच "आदिवासींना न्याय मिळाला पाहिजे" म्हणून लेख संपवला तर तीही एक शिफारसच होईल. म्हणून स्पेसिफिकेशन मांडतो.

एक, वनहक्कांसाठी स्वतंत्र लवाद. एक न्यायाधीश आणि किमान निम्मे सदस्य आदिवासी समाजातले. वनखात्याने तिथे बाजू मांडावी, निकाल देऊ नये.

दोन, बंधनकारक अधिकार फक्त तीन प्रश्नांवर: हक्कांची नोंद पूर्ण झाली का, संमती खरी होती का, आणि दिलेलं वचन नव्या जागी पाळलं का. जंगलात वाघ किती असावेत, रस्ता कुठून जावा, धोरण काय असावं, यावर लवादाने हवा तेवढा सल्ला द्यावा, हुकूम नाही. न्यूझीलंडने शिकवलेली गोष्ट हीच: अधिकार अरुंद ठेवा, पण खरा ठेवा.

तीन, मुदत, आणि मुदत संपली तर काय हे आधीच लिहिलेलं. सहा महिन्यांत निकाल नाही लागला तर गाव जिथे आहे तिथेच राहील. आमच्याकडे याला डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणतात. आजची डीफॉल्ट व्हॅल्यू सरकारच्या बाजूची आहे, म्हणून उशिराचा फायदा नेहमी सरकारला होतो. ती उलटी करा, मग बघा फायली कशा पळतात!

चार, अंतरिम आदेशानंतर ९० दिवस तडजोडीला. त्यानंतर अपील थेट हायकोर्टात.

पाच, सुनावणी धारणीत किंवा परतवाड्यात, आणि कोरकूत. हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. केलपाणीच्या माणसाने न्यायासाठी रात्रभर प्रवास करून पुणं गाठायचं, तिथे वकिलाने इंग्रजीत बोलायचं, आणि याने नुसतं तोंडाकडे बघायचं, ही सुनावणी नव्हे.

यात खर्च आहे, उशीर आहे, काही चुकीचे निकालही लागतील. कोणताही लवाद चुकतो. पण चुकीच्या आदेशावर अपील करता येतं. दुर्लक्षित शिफारशीवर अपील कुठे करणार?

हे आत्ताच का लिहितोय? कारण जून २०२४ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवून गाभा क्षेत्रातल्या गावांच्या पुनर्वसनाचं वेळापत्रक मागितलं. देशभरातली ५९१ गावं, ६४,८०१ कुटुंबं. कुटुंबात पाच माणसं धरली तर सव्वातीन लाख माणसं होतात. त्यातल्या प्रत्येक गावात एक ग्रामसभा होईल, एक ठराव होईल, एक कागद वर जाईल. त्या कागदावर "स्वेच्छेने" हा शब्द असणारच, तो फॉर्ममध्ये आधीपासून छापलेला असतो. तो शब्द खरा आहे का हे विचारण्याचा, आणि खरा नसेल तर बिल्ड थांबवण्याचा अधिकार आज कोणाकडेही नाही.

अकोला कराराच्या वेळी वऱ्हाडातल्या शिकल्यासवरल्या लोकांना निदान टेबलापाशी खुर्ची होती. तरीही आपल्या वाट्याला कलमं आली आणि पाणी आलं नाही. ज्यांना खुर्चीच नव्हती त्यांच्याकडून आपण नुसत्या शिफारशीवर भरवसा ठेवायची अपेक्षा करतो, हे काही बरोबर नाही. अनुशेष म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. मेळघाटचा अनुशेष मोजायची वेळ येते तेव्हा निदान अमरावती आणि अकोल्याच्या माणसाने तरी "सरकार बघेल" म्हणू नये.